डावा खांदा दोन बोटं खाली

कापड माणसापेक्षा प्रामाणिक असतं, असं मास्तरांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी चौतीस वर्षांत शेकडो गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं, बहुतेक वेळा कपडा ठरल्या दिवशी तयार नसताना. कापडाला घाई चालत नाही, त्याच्या मनात नसेल तर ते बसत नाही, असं मास्तर चष्म्यावरून बघत सांगायचे. समोरचा माणूस मुलाखतीला जायची पॅन्ट न्यायला आलेला असायचा. कापडाच्या एवढ्या सद्गुणांपुढे तो बापडा काय बोलणार? परवा येतो म्हणायचा आणि जुन्याच पॅन्टवर मुलाखत देऊन यायचा.

दुकान दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत कापणीचं टेबल, उभा आरसा आणि बिनडोक्याची, बिनहाताची, लाकडी पायावर उभी असलेली डमी. मागच्या खोलीत मास्तरांच्या बायकोचं शिलाई मशीन आणि मेव्हण्याचं इस्त्रीचं टेबल. हा मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तीन महिन्यांसाठी म्हणून आला होता, त्याला आता एकोणीस वर्षं झाली होती. मास्तर मूळचे कोटाचे कारागीर. पण हल्ली लोक कोट तयार विकत घेतात आणि पोट घरी तयार करतात, त्यामुळे दुकानाचं मुख्य काम कंबर सैल करून देण्याचं होतं.

अशा दुकानात एका सोमवारी कपड्यांच्या संग्रहालयातल्या बाई एक भलंमोठं खोकं घेऊन आल्या. बाई तिशीच्या, अंगाने किडकिडीत, बोलताना श्वास घ्यायला विसरणाऱ्या. त्यांनी खोक्यातून पातळ कागदाचे आठ थर बाजूला केले आणि आतून एक कोट काढला, नुकतं जन्मलेलं मूल उचलावं तसा.

कोट साठ वर्षांपूर्वीचा होता. शेवाळी रंगाची जाड, घट्ट लोकर. एका नावाजलेल्या फॅशनघराने तो एका बाईसाठी हाताने बनवला होता. अशा कपड्याला ‘कुतूर’ म्हणतात. म्हणजे कपडा एकच, अंग एकच, आणि किंमत अख्ख्या गल्लीची. त्याला पाठीमागे शिवण नव्हती. एकच कापड पाठीवरून निघून कुशीला वळसा घालून पुढे आलं होतं आणि पोटाशी एका मोठ्या बटणावर थांबलं होतं.

“बगलेत अस्तर फाटलंय, तेवढंच शिवायचंय,” बाई म्हणाल्या. “बाकी एका टाक्यालाही हात लावायचा नाही. ज्यांचा कोट आहे त्या आजींची ही अट आहे, मी त्यांना लिहून दिलंय. तुम्हीही इथे सही करा.”

मास्तरांनी सही केली. कागद वाचला नाही. वाचून सही करणारा माणूस संशयी असतो, असंही त्यांचं एक मत होतं. बाई पुढे जे बोलल्या, तेही त्यांनी अर्धंच ऐकलं, कारण तोवर त्यांची बोटं कोटाच्या कडेवरून फिरायला लागली होती.

बाई पुढे बोलल्या ते असं: शनिवारी प्रदर्शन उघडायचं होतं, आजी स्वतः येणार होत्या, आणि हे प्रदर्शन नीट पार पडलं तरच बाईंची नोकरी पक्की होणार होती. “आजींनी नाक मुरडलं तर कोटही परत जाईल आणि मीही,” असं म्हणून त्या हसल्या. लोक दात काढून घेताना हसतात तसं.

बाई गेल्या. मास्तरांनी गळ्यामागे लोंबणारे दोन तुटके धागे कापले, अस्तर उसवलं, कोट टेबलावर पसरला आणि सवयीने टेप लावली. मग परत लावली. मग चष्मा पुसून परत लावली.

“अगं, इकडे ये,” त्यांनी बायकोला हाक मारली. “हे बघ. डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटं लांब.”

“मग?”

“मग काय? खांदा चुकलाय. एवढं मोठं घर, आणि डावं-उजवं सारखं करता येईना!”

“तुम्हाला अस्तर सांगितलंय ना?”

“अस्तर करणारच आहे.”

पस्तीस रुपयांची टोपी असो की राजाचा अंगरखा, डावं-उजवं सारखं, हा मास्तरांचा धर्म होता. एखादा सज्जन माणूस दुसऱ्याच्या भिंतीवरची तसबीर वाकडी दिसली की ती सरळ केल्याशिवाय चहा पिऊ शकत नाही, तशी त्यांची गत झाली. साठ वर्षं हा कोट एक चूक अंगावर वागवत हिंडतो आहे, ती कुणाच्या लक्षात आली नाही, आणि आली ती नेमकी आपल्या, याचा त्यांना मनातून आनंदही झाला. त्यांनी डाव्या खांद्याची शिवण उसवली, दोन बोटं आत घेतली, खालची दुमड सारखी केली. मंगळवारी दुपारी मेव्हण्याने त्यावर वाफ मारली. लोकर वाफेखाली मऊ पडते, आपण म्हणू तशी बसते आणि गार झाली की तशीच राहते. मेव्हण्याला एकोणीस वर्षांत मनासारखी लोकर मिळाली नव्हती. त्याने जीव ओतून इस्त्री केली. जुन्या शिवणीची खूण नाही, घडीची रेघ नाही, कुठे फुगवटा नाही.

“भावोजी, बघा! आरशासारखा केलाय,” तो म्हणाला.

बुधवारी सकाळी बाई छापील माहितीपत्रक घेऊन आल्या. ताज्या शाईचा वास येत होता. कोट डमीवर होता, पण वर चादर होती.

“ऐका, मास्तर. तुम्हाला आवडेल,” म्हणत त्यांनी उभ्याउभ्याच वाचायला सुरुवात केली. ड्रेपिंग म्हणजे कापड कागदावरच्या मापाने न कापता थेट अंगावर किंवा डमीवर सोडायचं, ते कसं पडतं ते बघायचं, टाचण्या लावायच्या आणि मग कापायचं.

“म्हणजे माप न घेता,” मास्तर म्हणाले.

“त्याला कला म्हणतात.”

“आमच्याकडे त्याला नवशिका म्हणतात.”

बाई गोड हसल्या आणि पान उलटलं. “‘या कोटाचा आत्मा त्याच्या डाव्या खांद्यात आहे. तिथून दोन बोटं खाली ओघळणारी ही रेषा म्हणजे समतोलाविरुद्ध कापडाने पुकारलेलं बंड आहे. असा धाडसी असमतोल साधणारे हात पुन्हा झाले नाहीत.’ कसं वाटलं? पाचशे प्रती छापल्यात.”

मागच्या खोलीत मशीन थांबलं. इस्त्रीचा फुसफुसाटही थांबला.

“चांगलं आहे,” मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज त्यांना दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

“एकदा बघू का कोट?”

“अस्तर उघडं आहे.”

“चालेल मला.”

“बाई, पोट फाडलेलं असताना डॉक्टर नातेवाइकांना आत बोलावतो का? उद्या संध्याकाळी घरपोच आणून देतो.”

बाई गेल्या. मेव्हणा पडद्याआडून बाहेर आला. त्याने माहितीपत्रक उचलून पहिलं पान वाचलं आणि म्हणाला, “बंड आपण वाफेवर मोडून काढलं, भावोजी.”

“तू गप्प बस.”

“मी काय केलं? इस्त्रीच केली. तीसुद्धा तुम्ही सांगितलीत म्हणून.”

“अरे, गप्प बस म्हणतायत ना,” बायको म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. “आता?”

“आता काय, घेतलेलं सोडायचं. दोन बोटं घेतली, दोन बोटं सोडतो. हातचा मळ आहे.”

मास्तरांनी शिवण परत उसवली, दोन बोटं सोडली आणि कोट डमीवर चढवला. लांबी आली, पण डावी बाजू जी लोंबायला लागली ती दोरीवरच्या ओल्या टॉवेलसारखी. माहितीपत्रकातल्या फोटोत रेषा खांद्यावरून निघून छातीवर सावकाश वळत होती. इथे ती खांद्यावरून निघून सरळ जमिनीकडे चालली होती, घाईत असल्यासारखी. मास्तरांनी फोटोवर पट्टी ठेवली, एक ला नऊ असं प्रमाण काढलं, कागद कापला, तो कोटावर ठेवून पाहिला. तीन कागद झाले. तिसऱ्या वेळी खांद्यावर असा पोक आला की कोटाला ओझ्याची सवय असावी असं वाटलं. चौतीस वर्षांत जे टेपने सुटलं नाही असं काही त्यांच्यासमोर आलं नव्हतं. ते स्टुलावर बसले आणि टेप गळ्यातून काढून ठेवली. लग्नाचा दिवस सोडता त्यांना टेपशिवाय कुणी पाहिलं नव्हतं.

“टेबलावर नाही व्हायचं ते,” बायको म्हणाली. तिने दाराला कडी घातली आणि डमीवरचा कोट उतरवून स्वतःच्या अंगात घातला. “आता बघा.”

मास्तरांनी पाहिलं. कोट डाव्या बाजूला आपोआप जरासा उतरला, छातीवर वळला आणि बटणाशी येऊन थांबला. अगदी फोटोतल्यासारखा नाही, पण फोटोतल्या घरचा वाटावा इतपत.

“असं कसं झालं?” ते म्हणाले, आणि कसं झालं ते त्यांना त्याच क्षणी कळलं. त्यामुळे ते गप्प बसले.

“बोला की.”

“काही नाही.”

“माझा डावा खांदा उतरलेला आहे, म्हणून. बोललात तर जीभ झडणार नाही.”

मास्तर खडू शोधायला लागले. खडू त्यांच्या हातातच होता.

“तीस वर्षं माझ्या प्रत्येक कपड्यात डाव्या खांद्याला आतून कापसाची एक गादी जास्त घालता,” बायको आरशातल्या मास्तरांना म्हणाली. “मला कळत नाही वाटतं? मशीनवर मी बसते. गादीची पट्टी कुठे संपते ते मला विचारा.”

“मग कधी बोलली नाहीस?”

“तुम्ही एवढ्या काळजीने लपवत होतात, म्हटलं लपवू दे. तुमचं दुसरं काय व्यसन आहे?”

पडद्याआडून मेव्हणा खाकरला. “ताई, मी चहा टाकू का बाहेर जाऊ?”

“चहा टाक आणि तिथेच प्यायला बस.”

मग मास्तर आयुष्यात पहिल्यांदा टेपशिवाय कामाला लागले. त्यांनी खांद्याची शिवण पुरती मोकळी केली आणि कापड बायकोच्या खांद्यावर नुसतं सोडलं. पहिल्या काही वेळा त्यांनी ते ओढलं, आणि प्रत्येक वेळी कुठेतरी सुरकुती पडून कापडाने नापसंती कळवली. मग त्यांनी ओढणं सोडलं. हात खाली घेतले आणि ते बघत बसले. जड लोकर आपल्याच वजनाने हळूहळू खाली आली, मानेच्या मुळाशी टेकली, खांद्याच्या हाडाशी थबकली आणि तिथून पुढे तिला जायचं होतं तिकडे गेली. धागा उभा कुठे राहतो आणि तिरका कुठे वळतो ते बोटांना कळत होतं. मास्तर ती थांबेल तिथे टाचणी लावत होते. चौतीस वर्षं कापड प्रामाणिक असतं म्हणून सांगितलं, पण त्याला बोलू कधी दिलं नव्हतं, असा एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला. गिऱ्हाइकाला ऐकवण्यासारखा होता, पण दुकान बंद होतं.

“हलू नकोस.”

“श्वास तरी घेऊ का?”

“थोडा घे.”

“या नादात मेले तर निदान कोट नीट बसलेला असेल.”

“बोलू नकोस, टाचणी सरकते.”

दोन तास ती उभी होती. मेव्हण्याने तीनदा चहा दिला. तिसऱ्या वेळी वाफेची इस्त्री घेऊन तो स्वतःच आला, आणि टाचणलेला खांदा बहिणीच्या अंगावरून तसाच अलगद उतरवून, गुंडाळलेल्या टॉवेलवर ठेवून, त्याने फक्त वाफ दिली. इस्त्री टेकवली नाही. गार होईपर्यंत तिघंही त्या कोटाभोवती बसून राहिले, आजारी माणसाचा ताप उतरायची वाट बघत बसावं तसे.

गुरुवारी दुपारपर्यंत मास्तरांनी हाताने खांदा शिवला, अस्तर जोडलं. डमीचा डावा खांदा दोन बोटं घासून खाली घेऊन तिच्यावर कोट चढवला आणि फोटो शेजारी धरला. ती रेषा खांद्यावरून निघाली, छातीवर सावकाश वळली. मेव्हणा म्हणाला, “बंड परत झालं.”

“जमलंय,” बायको म्हणाली. “आता द्या आणि गप्प बसा.”

मास्तरांनी पातळ कागदाचे आठही थर परत पसरले. कोट खोक्यात घालताना म्हणाले, “हा तुझा खांदा आहे.”

“मग?”

“त्या आजींचा नाही. त्यांचा मी पुसून टाकला. सही करून दिली होती मी.”

“न वाचता केली होती.”

“सही ती सहीच.”

बायकोने एक उसासा सोडला. “जा, सांगा. नाहीतर महिनाभर मला झोपू द्यायचा नाहीत.”

संग्रहालय एका जुन्या सरकारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. बाईंनी कोट स्टँडवर चढवला, मागे सरकून पाहिला आणि म्हणाल्या, “सुंदर.” मग मास्तरांनी सगळं सांगितलं. अगदी मेव्हण्याच्या वाफेसकट. बाई ऐकताऐकता एका लाकडी पेटीवर बसल्या. त्या पेटीवर ‘बसू नये’ असं लिहिलं होतं.

बराच वेळ त्या फोटो आणि कोट आळीपाळीने बघत होत्या. “मला फरक दिसत नाही,” शेवटी त्या म्हणाल्या.

“तुम्ही तो अंगात घालत नव्हतात. आजींना दिसेल.”

“हो. त्यांना दिसेल.” बाईंनी डोळे मिटून घेतले. आपण ‘कुणाला बोलू नका’ असं म्हणणार आहोत असं त्यांना वाटलं असावं, कारण उघडल्यावर त्या स्वतःवरच वैतागल्यासारख्या म्हणाल्या, “सांगावं लागेल त्यांना. मी लिहून दिलंय. तुम्ही सांगा, मी शेजारी उभी राहते.”

शनिवारी मास्तर बायकोला घेऊन गेले. गर्दी बरी होती. कोट मधोमध, वर स्वतंत्र दिवा. पहिल्या माणसाने मान डावीकडे कलवून पाहिलं, आणि मग येणारा प्रत्येक जण मान कलवूनच पाहायला लागला. तासाभराने ते दालन म्हणजे मानेला लचक भरलेल्या लोकांचा मेळावा वाटत होतं. एक दाढीवाला गृहस्थ आपल्या बायकोला म्हणाला, “बघ, बंड आहे हे.” मास्तरांच्या बायकोने आपली शाल डाव्या खांद्यावर जरा वर ओढून घेतली आणि मग, काय वाटलं कुणास ठाऊक, परत खाली सोडली.

आजी आल्या. शहाऐंशी वर्षांच्या, काठी टेकत, आल्याआल्या खुर्ची विचारणाऱ्या. खुर्ची कोटासमोरच मांडली होती. त्या बसल्या, कोटाकडे एकदा पाहिलं, मग खिडकी बंद आहे ना ते पाहिलं.

मास्तर पुढे झाले. बाई ठरल्याप्रमाणे शेजारी उभ्या राहिल्या. हातातल्या माहितीपत्रकाची त्यांनी सुरळी केली होती.

“आजी, मी शिंपी. अस्तर शिवायला कोट माझ्याकडे होता. मी तुमची अट मोडली. खांदा चुकलाय असं वाटून मी तो सरळ केला. मग कळलं की तो तसाच होता, म्हणून परत होता तसा बसवला. म्हणजे जमेल तितका. चूक माझी आहे, यांची नाही.”

“मीच त्यांच्याकडे दिला होता,” बाई म्हणाल्या.

“कुठला खांदा?” आजींनी विचारलं.

“डावा.”

“तो होय! तो लांबलाच होता.”

“नाही, म्हणजे मुळात ज्यांनी ड्रेपिंग केलं त्यांनीच...” बाईंनी सुरुवात केली.

“मुळात कसला लांब? नवा होता तेव्हा चांगला सरळ होता.” आजी काठीवर हनुवटी टेकून सांगायला लागल्या. “दोनदा घातला मी. भयंकर टोचतो. मग दारामागे खुंटीला होता. गळ्यामागची टांगायची पट्टी पहिल्याच हिवाळ्यात तुटली, म्हणून आपला खांद्यावर अडकवायचा. डाव्या. दार त्या बाजूला उघडायचं ना. बेचाळीस वर्षं तसाच होता. लांबेल नाही तर काय?”

पलीकडच्या दालनात संग्रहालयाच्या अध्यक्षांचं भाषण सुरू झालं होतं आणि ते समतोलावर आले होते.

“मग तुमची तक्रार नाही?” बाईंनी विचारलं.

“कशाबद्दल?”

“तो कागद... एका टाक्यालाही हात लावू नये असा...”

“तो माझ्या पुतण्याने लिहिला. वकील आहे तो. रिकामा असतो.” आजींनी मास्तरांकडे पाहिलं. “तुम्ही सरळ केला होतात, तो तसाच राहू द्यायचा होतात. आता असू दे.”

मास्तरांना गळ्यामागचे ते तुटलेले दोन धागे आठवले. त्यांनी ते पाहिले होते. गबाळे दिसतात म्हणून सोमवारीच कापून टाकले होते.

“पट्टी शिवून घ्यायची होती,” आजी म्हणाल्या. “राहूनच गेलं.”

अशी पट्टी शिवायला चार मिनिटं लागतात.